मोहन नगरातला 'मानापमान'

तुम्ही कधीच न पाहिलेलं नाटक तुमच्या स्वप्नात आलंय का? माझ्या आलं. तेही इथे, दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात, जिथे दिवसभरात माझं मराठी फक्त आईशी बोललं जातं.

गल्लीच्या टोकाला मांडव होता आणि मी पुढे पोत्यावर बसलो होतो. समोर 'संगीत मानापमान'. धैर्यधर झालेले केशवराव भोसले आणि भामिनी झालेले बालगंधर्व. दोन वेगळ्या कंपन्यांचे हे दोन गायकनट टिळक स्वराज्य फंडासाठी एकत्र आले होते, ८ जुलै १९२१ ला, मुंबईच्या बालीवाला थिएटरात. तेव्हा माझे आजोबाही जन्मले नव्हते! पण स्वप्नाला कुठे तिकीट लागतं?

केशवरावांनी तोंड उघडलं, पण आवाजच नाही. ऐकू आली ती फक्त दुर्ग स्टेशनातून निघालेल्या गाडीची शिट्टी. भामिनी वळली, तर ती नाच्यातली परी! छत्तीसगडच्या नाच्यात पुरुषच परी होतात आणि जोक्कड लोकांना रात्रभर हसवतो. स्वप्नाने सगळी खिचडीच केली म्हणायची.

सकाळी हसत हसत आईला सांगितलं. ती हसली नाही.

"आवाज आलाच नाही म्हणतोस?"

आई कोल्हापूरची. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१५ पासूनचं पॅलेस थिएटर म्हणजेच पुढचं केशवराव भोसले नाट्यगृह. शेजारी खासबागचं कुस्तीचं मैदान. तिथेच तिने वडिलांच्या मांडीवर बसून पहिलं नाटक पाहिलं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. १९२१ च्या त्या प्रयोगानंतर तीन महिन्यांच्या आतच ते गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. आगीचे व्हिडिओ आईने पाहिले नाहीत. तेव्हापासून माहेरचा विषय निघाला की ती गॅसकडे वळते.

त्या रविवारी मी तिला स्कूटरवर बसवून बघेऱ्याला नेलं. दुर्गजवळचंच हे गाव. दाऊ रामचंद्र देशमुखांनी १९७१ मध्ये 'चंदैनी गोंदा' पहिल्यांदा इथेच उभा केला, शेतकऱ्याच्या आयुष्यावरचा, गाण्यांनी भरलेला. कुठलं थिएटर नाही, गावाची मोकळी जागा. तुम्ही गेलात तर पाटीबिटी शोधत बसू नका. पारावरच्या कुणा म्हाताऱ्याला विचारा.

आम्हीही तेच केलं. आजोबांनी तंबाखू थुंकली, डोळे मिटले आणि गुणगुणायला लागले. गळा फाटलेला, पण ताल पक्का. आईला छत्तीसगडी अर्धीच कळते. तरी ती मांडीवर बोटांनी ठेका धरून होती.

परतताना ती मागून म्हणाली, "भिंती उभ्या आहेत म्हणे अजून."

"कुठल्या?"

"गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेसचं रिझर्वेशन मिळतं का बघ. खालचा बर्थ सांग."