छपरातला उजेड

कौलारू घरात स्वयंपाकघरावर एखादे काचेचे कौल बसवलेले असे. त्यातून उतरलेला उन्हाचा चौकोन दिवसभर जमिनीवर सरकत राही आणि घड्याळ न पाहताही वेळ कळे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातील शेडांवर दिसणारा फायबरचा पत्रा हे त्या कौलाचेच पुढचे रूप म्हणता येईल. पण त्याच्या उजेडाचा स्वभाव वेगळा आहे. काच ऊन जसेच्या तसे आत सोडते. फायबरच्या पत्र्यात काचेचे बारीक तंतू पॉलिएस्टर रेझिनमध्ये बसवलेले असतात. प्रकाश दोन्हींतून जातो, मात्र दोन्हींत तो सारखा वळत नाही. त्यामुळे असंख्य तंतूंवर विखरून तो सर्वत्र पसरतो. ऊन छपरावर राहते, खाली उजेड उतरतो.

लेथवर उभे राहणाऱ्याला या फरकाचे मोल ठाऊक असते. माझ्या परिचयाचे एक टर्नर काटेकोर मापाचे काम त्या पट्ट्याखालीच करीत. थेट उन्हात लोखंड चमकते आणि मायक्रोमीटरवरच्या रेघा वाचवत नाहीत. जुन्या ट्यूबलाइटची अडचण निराळी. ५० हर्ट्झच्या विजेवर ती सेकंदाला १०० वेळा लुकलुकते आणि विशिष्ट वेगाने फिरणारा जॉब तिच्या प्रकाशात थांबल्यासारखा भासू शकतो. आकाशाचा उजेड असा दगा देत नाही.

हा पत्रा मला विचारात पाडतो तो मात्र त्याच्या म्हातारपणामुळे. अतिनील किरणांनी रेझिन पिवळे पडते, पृष्ठभाग झिजतो, तंतू उघडे पडतात. त्यांत धूळ आणि पावसाळ्यातले शेवाळ धरते. उजेड इतका सावकाश उणावतो की खालच्या माणसाला ते जाणवतही नाही. एके दिवशी भर दुपारी दिवा लागतो आणि पुढे तो रोजचाच होतो.

१९४८च्या कारखाने अधिनियमाच्या १७व्या कलमाने छपरातील उजेडाच्या काचा आतून-बाहेरून स्वच्छ ठेवण्याची अट घातली होती. अट रास्तच, पण बाहेरून पुसायचे तर कोणाला तरी वर चढावे लागते. काळवंडलेला फायबरचा पत्रा वरून शेजारच्या सिमेंटच्या पत्र्यासारखाच दिसतो. माणसाचे वजन पेलण्यासाठी तो मुळात बनवलेला नसतो आणि जुना झाल्यावर ठिसूळही होतो. अशा पत्र्यातून कोसळून माणसे मरतात, ही औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात जगभर जाणलेली गोष्ट आहे. मृगाआधी गळती काढायला चढणारा बहुधा रोजंदारीवरचा असतो. त्या उजेडात त्याने कधी काम केलेले नसते.

उपाय साधे आहेत: पाय ठेवायला भक्कम आधारावर टेकलेली लांब फळी, पत्र्याखाली ताणून बसवलेली मजबूत जाळी, जीर्ण पत्रा वेळेवर बदलणे. शेड बांधताना फायबरच्या पत्र्याचा हिशेब वाचणाऱ्या विजेत मांडला जातो. त्या फळीचा आणि जाळीचा खर्चही त्याच हिशेबात धरला पाहिजे.