जाऊबाईंच्या पोटरीवरच्या शिरा



चातुर्मासात गावात मुनिसंघ असला की आमच्याकडे पहाटेच चौका सुरू होतो. पडगाहनाला कलश घेऊन उभं, आहार देताना उभं, मग भांड्यांपाशी उभं. परवा जाऊबाई पाय चोळत बसल्या होत्या. पोटरीवर गाठीगाठीच्या निळ्या शिरा! म्हणाल्या, "बाईच्या जातीला असायचंच."

बाईच्याच जातीला कशाला? स्कॉटलंडमधल्या एडिंबरा शहरातली एक पाहणी १९९९ साली प्रसिद्ध झाली. १८ ते ६४ वयाच्या लोकांत पुरुषांपैकी ४० टक्क्यांना आणि बायकांपैकी ३२ टक्क्यांना अशा शिरा होत्या. जर्मनीत बॉनला तर शिरांचा काहीच दोष नसलेला माणूस दहात एखादाच सापडला. (धोतरवाल्यांनीही एकदा पाय बघून घ्यावेत.)

पायातलं रक्त वर ढकलतात ते पोटरीचे स्नायू आणि ते खाली येऊ देत नाहीत त्या शिरांमधल्या झडपा. झडपा सैल झाल्या की रक्त साठतं, संध्याकाळी पाय जड होतात, सुजतात. गरोदरपण, वजन, आईवडिलांकडून आलेली ठेवण, तासन्‌तास उभं राहणं, सगळ्याचाच हातभार.

नुसत्या शिरांचं मला भय नाही. पण जाऊबाईंच्या घोट्याशी कातडी काळपट झालीये, खाजते. तिथेच पुढे न भरणारी जखम होऊ शकते. त्या म्हणतात, देहाचे एवढे लाड कशाला? अहो, कायोत्सर्गात देहाची ममता सोडायची असते, पण त्यालाही पायांवर उभं राहावं लागतंच ना!

सोमवारी डॉपलर तपासणी आहे. तोवर भाजी बसूनच चिरायची, हे मात्र त्यांनी कबूल केलंय.