बुद्धीच्या शोधातील अवजारे

“आता यंत्रच आज्ञावली लिहू लागले, मग ती विद्या शिकून तू काय करणार?” असे माझे काका मला वारंवार विचारतात. प्रश्न चेष्टेवारी नेण्यासारखा नाही. दहावीनंतर कोणती वाट धरावी, हे मला याच वर्षी ठरवावयाचे आहे. म्हणून या विद्येचा पूर्वेतिहास मी थोडासा चाळला.

सुतार रंधा हाती घेतो, तेव्हा पाट कसा व्हावयाचा हे त्याला ठाऊक असते. परंतु यंत्राला विचार करावयास शिकवू पाहणाऱ्यांना ‘विचार’ म्हणजे काय, हेच नीट ठाऊक नव्हते! त्यांना चाचपडतच जाणे भाग होते, आणि चाचपडण्यासाठी अवजारेही निराळी हवी होती. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ‘लिस्प’ ही संगणकभाषा रचावयास घेतली, ती याच गरजेतून. तिच्यातील एक सूत्र स्टीव्ह रसेल या सहकाऱ्याने आयबीएम ७०४ या यंत्रावर चढविण्याचे मनात आणले, तेव्हा ते वाचण्यासाठी आहे, चालविण्यासाठी नव्हे, असे मॅकार्थींनी त्याला बजावले म्हणे. सूत्र मात्र चालले!

याच भाषेसाठी आणखी एक सोय निघाली. काम संपलेली स्मृतीतील जागा यंत्रानेच झाडून मोकळी करावयाची. हा केर काढण्याचा प्रकार पुढे १९९५ च्या जावा भाषेनेही उचलला. आज पेढीचे हिशेब जुळविणारा आज्ञावलीकार त्याचा रोज लाभ घेतो. तो कोणाच्या खटपटीतून आला, हे त्याच्या गावीही नसते. वॉरन टाइटलमन यांनी तर ‘माझ्या मनातले कर’ अशा अर्थाच्या नावाची एक युक्ती लिस्पमध्ये घातली. ती टंकनातील चुका आपण होऊन दुरुस्त करी. तक्रार एवढीच की, तिला चुका उमगत त्या मुख्यतः तिच्या कर्त्याच्याच!

आता प्रवाह उलटला आहे. बुद्धीच्या शोधात अवजारे सापडली होती. आज ती बुद्धीच अवजार होऊन आली आहे. साध्या भाषेत सांगावे, तिने आज्ञावली लिहून द्यावी. पण ती जितक्या सफाईने बरोबर लिहिते, तितक्याच सफाईने चूकही लिहिते. काकांचेच चिरंजीव या व्यवसायात आहेत. ते म्हणतात की, त्यांचा लिहिण्याचा वेळ घटला आणि वाचण्याचा व चाचण्या घेण्याचा वाढला. ज्या ओळी स्वतःला लिहिता येत नाहीत, त्या तपासताना त्यांचा जीव घाबरा होतो. काकांनी हे अद्याप ऐकलेले दिसत नाही.

तूर्त मी लिस्पच्या कंसांशी झगडत आहे. ओळीच्या शेवटी कधी कधी सात-सात कंस मिटावे लागतात.