कुणाचा रे तू?

३० नोव्हेंबर २०१९. मुंबईत एका इंग्रजी अर्थविषयक दैनिकाचा पुरस्कार सोहळा होता. व्यासपीठावर अमित शहा, निर्मला सीतारामन, पीयूष गोयल. समोर देशातले झाडून सगळे मोठे उद्योगपती. राहुल बजाज उठले आणि म्हणाले, की सरकारवर उघड टीका केली तर ती गोड मानून घेतली जाईल याचा भरवसा उद्योगवाल्यांना वाटत नाही. माझे मित्र हे बोलणार नाहीत, म्हणून मी बोलतो. शहांनी तिथंच उत्तर दिलं. कुणीही घाबरायचं कारण नाही, आणि तसं वातावरण असेल तर ते सुधारावं लागेल, असं त्याचं सार. सीतारामन यांनी नंतर ट्वीट करून, अशा समजुती पसरल्या तर राष्ट्रहिताला धक्का बसू शकतो, असं सुनावलं. पटो न पटो, एका प्रश्नाला दोन उत्तरं मिळाली.

फोनवर मात्र तोवर निकाल लागून गेला होता. म्हातारा काँग्रेसचा. संपला विषय. दुसऱ्या बाजूचे लोक तितक्याच घाईने त्यांना खांद्यावर घेऊन नाचायला लागले, जणू ते आपल्याच शाखेचे जुने कार्यकर्ते.

आता हा माणूस आमच्या आकुर्डीचा. कारखान्याच्या आवारातच कितीतरी वर्षं राहिलेला. आजोबा जमनालाल, गांधीजींचे मानसपुत्र. म्हणजे घराणं काँग्रेसचं, हे खरंच. पण २००६ साली राज्यसभेवर गेले ते अपक्ष म्हणून, भाजप, शिवसेना आणि राष्ट्रवादीच्या पाठिंब्यावर, काँग्रेसच्या उमेदवाराला हरवून. परवाना राजवर आयुष्यभर तोंडसुख घेतलं, आणि परवाने गेल्यावर ज्या ‘बॉम्बे क्लब’ने परदेशी कंपन्यांपुढे देशी उद्योगाला बरोबरीचं मैदान मागितलं, त्यातही हेच पुढे. कामगार संघटनांशी त्यांचं फार गूळपीठ होतं असंही नाही. या माणसाला कुठल्या खणात ठेवणार? ठेवायचंच नव्हतं कुणाला. बजाज कुणाचे हे एकदा ठरलं, की बजाज म्हणाले ते खरं की खोटं हे बघायचं काम वाचतं.

त्याच नोव्हेंबरात पिंपरी-चिंचवडला पाणी दिवसाआड झालं. तात्पुरतं म्हणून झालं आणि मुक्कामाला राहिलं. हा प्रश्न सोपा नाही. पवना धरण आणि शहर यांच्यामधल्या बंद जलवाहिनीला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता, ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर इथे गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले आणि ते काम वर्षानुवर्षं थंड पडलं. इकडे मोशी, चिखली, वाकड, रावेत इथे टॉवर मात्र उठतच राहिले. शेतकऱ्याचं पाणी, नळगळती, बिल्डरला दिलेल्या परवानग्या, आंद्रा आणि भामा आसखेड धरणांचं पाणी: यातल्या कशावरही रात्रभर भांडता येईल, आणि भांडावंही.

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मागच्या उन्हाळ्यात डी विंगमधल्या एका बाईंनी विचारलं, टॅंकरचं बिल एवढं कसं आलं, आणि महापालिकेचं पाणी पुरेसं येईपर्यंत पाणी देण्याचं बिल्डरचं हमीपत्र कुठं आहे? साधा प्रश्न, सोबत बिलांचे फोटो. पहिलं उत्तर आलं, ‘इलेक्शन जवळ आलं वाटतं, ताई.’ मग कुणीतरी ‘आयटी सेल?’ एवढंच टाकलं. तिसऱ्याने ‘अंधभक्तांना विचारा, ते सांगतील सगळं छान आहे.’ झालं. फुरोगामी, चमचे, गद्दार, खोके, उबाठा असा सगळा बाजार भरला. एकाने झेंड्याचं चित्र टाकलं, दुसऱ्याने त्याखाली हसरे चेहरे. हमीपत्र बिचारं पाऽर वर सरकून गेलं. शेवटी ॲडमिनने फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील अशी सोय करून टाकली. साडेअकराला टॅंकर आला, पाइप टाकीत सोडून ड्रायव्हर केबिनमध्ये रील बघत बसला. बाईंनी पक्षाचं नाव काढलं नव्हतं. पाणी नेमकं कुठं मुरतंय एवढंच त्या विचारत होत्या, आणि सोसायटीतले सुशिक्षित लोक, त्यात दोन इंजिनिअर, त्यांना विचारत होते, तुम्ही कुणाच्या.

गावाकडचा म्हातारासुद्धा अनोळखी पोराला ‘कुणाचा रे तू?’ असंच विचारतो. पण त्याला नातं जोडायचं असतं. पोराने आजोबांचं नाव सांगितलं की बोलणं तिथून सुरू होतं.

गंमत अशी, की ज्यांच्या नावाने हे शिक्के मारायचे ती मंडळी एका जागी बसतच नाहीत. चाकण, भोसरी हा भाग शिरूर लोकसभा मतदारसंघात येतो. २०१९ ला इथं आढळराव पाटलांचा धनुष्यबाण होता आणि नुकतेच शिवसेनेतून आलेले अमोल कोल्हे घड्याळावर लढून जिंकले. मधे शिवसेना फुटली, राष्ट्रवादी फुटली, चिन्हांच्या वाटण्या झाल्या. २०२४ ला तेच दोघे समोरासमोर. पण आता घड्याळ आढळरावांकडे आणि कोल्हे तुतारीवर. ‘आम्ही घड्याळवाले’ म्हणणाऱ्याने पाच वर्षांत नक्की कुठं उभं राहायचं? नेत्यांनी चिन्हं बदलली तर ती राजकीय गरज. कार्यकर्त्याने मत बदललं तर तो गद्दार. नेते एकमेकांच्या लग्नकार्यात पंगतीला शेजारी बसतात, आणि ज्यांनी त्यांच्यापायी चुलत्याला ब्लॉक केलं ते चुलत्याच्या मुलीच्या साखरपुड्याला जात नाहीत.

पूर्वी असं नव्हतं असं म्हणण्याचा मोह होतो, पण ते खोटं आहे. १९८९ च्या सप्टेंबरात टेल्कोचे कामगार शनिवारवाड्यापुढे उपोषणाला बसले, पोलिसांनी त्यांना उचललं, आंदोलन मोडलं. त्या काळात पिंपरीत माणूस एकतर कामगार नेते राजन नायर यांचा, नाहीतर कंपनीचा. मधे कुणी नाही. त्यावरून मारामाऱ्या झाल्या, मैत्र्या तुटल्या. फोन नसतानाही शिक्के मारता येत होतेच, आणि जास्त दुखतही होते. फरक मला एवढाच दिसतो, की तो शिक्का एका ठरावीक भांडणातून आलेला होता: पगारवाढीचा करार कुणी करायचा, कुणाच्या संघटनेने. आज तू कुणाचा हे आधी ठरतं, आणि भांडण कशावरून हे ज्याने त्याने नंतर शोधायचं.

म्हणून चाकणच्या २०१३ च्या संपाची गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगतो. बजाजच्या चाकण कारखान्यात जूनअखेर दिलीप पवारांच्या विश्वकल्याण कामगार संघटनेने काम बंद केलं. इतर मागण्यांसोबत एक अशी होती, की ऐकणारा चक्रावून जावा. प्रत्येक कामगाराला कंपनीचे ५०० शेअर द्या, एक रुपया दराने. बाजारात तेव्हा तो शेअर दोन हजारांच्या आसपास होता. आता सांगा, ही मागणी डावी की उजवी? लाल झेंड्याच्या माणसाने नाक मुरडावं अशी, कारण कामगार भागधारक झाला की तो मालकाच्या बाकावर बसला. आणि शेअर बाजारवाल्याचीही भुवई वर जावी अशी, कारण एक रुपयात शेअर म्हणजे खैरातच. कंपनीने ती साफ नाकारली. ऑगस्टच्या मध्यावर, जवळजवळ पन्नास दिवसांनी, कामगार शेअर न मिळताच कामावर परतले. तो शेअर २०२४ मध्ये दहा हजारांच्या वर गेला.

माझ्या ओळखीचे एक निवृत्त फोरमन आहेत; मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं एकमेकांचं मत फुकट घालवतो. त्यांचं म्हणणं, शेअर मागितला की तोटाही मागावा लागतो, आणि दुचाकीचा धंदा पडला तर कामगाराचा पगारही गेला, पुंजीही गेली. त्यापेक्षा रोख वाढ मागा आणि मोकळे व्हा. मी म्हणतो, धंदा पडला की कामगाराची नोकरी तशीही जाते, मग चढतीत त्याचा वाटा का नको? यावर ते विचारतात, मग कंत्राटी पोरांचं काय, त्यांना किती शेअर? याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. चाकणमध्ये आता त्यांचीच संख्या जास्त दिसते, आणि ती पोरं तर त्या मागणीपत्रात कुठं बसणार हेही मला कळत नाही.