खोलीसाठी खराटा

वारसा म्हटला की कुणाला वाडा मिळतो, कुणाला शेत, कुणाला दुकान. आमच्या चाळीत वारशानं खराटा मिळतो. बाप मेला किंवा थकला की पोरगा उभा. लाड-पागे समितीच्या शिफारशी सरकारनं १९७५ साली मान्य केल्या आणि सफाई कामगाराच्या वारसाला नोकरीचा हक्क मिळाला. हक्कच आहे तो, फुकटची भीक नव्हे. तो काढून घ्यायला कुणी आला तर मोर्च्यात मी पुढं असेन. पण मित्रांनो, जो हक्क पिढ्यान्‌पिढ्या हातात खराटाच देतो, त्याच्याकडं एकदा डोळे उघडून बघितलं पाहिजे.

माझ्या हातात तो १९९९ साली आला. बाप ५७ व्या वर्षी गेला. छातीत धाप, पोटात दारू. दारूशिवाय त्या वासात उतरता येत नाही, हे कुठल्याही हजेरी चौकीवर विचारा. मी बारावी पास. मागं आई, लग्नाच्या दोन बहिणी. दहा बाय बाराची खोली बापाच्या नोकरीवर मिळालेली. नोकरी संपली की खोली खाली करायची. आई म्हणाली, "बाबा, आता तूच. खोली गेली तर ह्या पोरी घेऊन मी कुठं बसू? फुटपाथवर?"

काय उत्तर देणार? कागदावर सही केली. पगारासाठी नाही, खोलीसाठी खराटा धरला. आमच्या चाळीत निम्मी पोरं अशीच लागली. कुणी बी. ए., कुणी आयटीआय झालेला. सकाळी साडेसहाला सगळे मुकादमापुढं एकाच रांगेत.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायचं बिल आणलं होतं. तुकडाभर जमीन आणि दारोदारच्या भाकरी, त्याबदल्यात अख्खं घर रात्रंदिवस गावाच्या नि सरकारच्या दावणीला. वतन कायद्यानं जायला १९५८ चा कायदा यावा लागला. माझ्या आज्यानं येसकरकी टाकून शहर गाठलं होतं. शहरानं त्याला नवं वतन दिलं. जमिनीच्या जागी खोली, येसकराच्या काठीच्या जागी खराटा.

जातिव्यवस्थेच्या उच्छेदावरच्या १९३६ च्या भाषणात बाबासाहेबांनी दाखवून दिलंय की जात माणसाला धंदा बदलू देत नाही, आणि बेकारीचं एक कारण तेच आहे. म्हणजे आपल्यातल्या माणसानं काम बदललं तर ती नुसती त्याच्या पोटाची गोष्ट राहत नाही. जातीच्या भिंतीची एक वीट हलते.

हे मला पुस्तकातून कळलं होतं. अंगाला लागलं ते २००६ साली. आमच्या शेजारच्या गँगमधला ठेकेदाराचा माणूस चेंबरमध्ये उतरला. वय २४. कमरेला दोर, तोंडाला काही नाही. वर आला तो मेलेला. पोलिसांनी अकस्मात मृत्यू म्हणून नोंद केली. ठेकेदारानं बायकोच्या हातात २०,००० रुपये ठेवले नि एका कागदावर अंगठा घेतला. कागद कुणीच वाचला नाही. मी मागून घेऊन वाचला. लिहिलं होतं, मयत स्वतःच्या मर्जीनं उतरला, आमची काही तक्रार नाही.

त्या दिवसापासून डोक्यात एकच. आपल्याकडं खराटा मारणारे हजार आहेत, हा कागद वाचणारा एक पाहिजे.

मुक्त विद्यापीठातून बी. ए. केलं. मग संध्याकाळचं लॉ. २०१३ ला डिग्री हातात आली आणि खरा पेच पडला. वकिलीचा नियम असा की पगारी नोकरीत राहून सनद मिळत नाही. दोन्हीतलं एकच. इकडं महिना २२,००० हातात, खोली, पुढं पेन्शन. तिकडं काळा कोट आणि सायबांच्या कचेरीत उभं राहायला जागा. शिवाय राजीनामा दिला की वारसाचं खातंही बंद. माझ्या पोराचं नाव त्यावर कधीच चढणार नाही.

आई महिनाभर धड बोलली नाही. "कायमची नोकरी सोडतोस? येड लागलंय तुला." तिचं चुकत नव्हतं. तिनं फुटपाथ बघितला होता.

लोक म्हणतात, धाडस केलंस. साफ खोटं. धाडस नऊ जणांनी केलं. बँकेतला एक शिपाई, एक रिक्षावाला, दोन मास्तर, पाच माझ्याच चौकीवरचे. दर महिन्याला प्रत्येकी ५०० रुपये, दोन वर्षं. रिक्षावाल्यानं एकदाही खाडा केला नाही. फंडाच्या पैशातून आधी सोसायटीचं कर्ज फेडलं, उरलेल्यातून भाड्याच्या खोलीचं डिपॉझिट. बायकोनं शिलाई मशीन घेतली. मग २०१४ साली राजीनामा टाकला.

त्याच वर्षी २७ मार्चला सुप्रीम कोर्टाचा निकाल आला. १९९३ पासून गटारात मेलेल्या प्रत्येकाच्या घराला १० लाख द्या. सनद मिळाल्यावर पहिलं काम घेतलं ते त्या अंगठा दिलेल्या बाईचं. चार वर्षं खेटे घातले, मग पैसे मिळाले. २०२३ साली कोर्टानं ती रक्कम ३० लाख केली. तरी माणसं उतरतातच, मरतातच. कागदही येतातच. आता वाचले जातात.

पंधरा वर्षं खराटा मारला त्याची मला लाज नाही. रस्ता झाडणं घाण काम नव्हे. ते जातीच्या गळ्यात बांधून ठेवणं ही घाण आहे. जो आज झाडतोय त्याला नावं ठेवून कुणी क्रांतिकारक होत नाही.

आणि आपल्या सभेत पोरांना 'नोकऱ्या सोडा, चळवळीत या' म्हणून भाषण ठोकणाऱ्यांना एक सांगायचंय. बाबासाहेबांनी १९२० साली सिडनहॅम कॉलेजातली ४५० रुपयांची प्राध्यापकी सोडली नि लंडन गाठलं. तेव्हा पाठीशी नवल भथेनांचं ५,००० रुपयांचं कर्ज होतं, शाहू महाराजांची मदत होती, इकडं घर ओढणारी रमाई होती. एवढ्या मोठ्या माणसालाही मागं माणसं लागली. आपल्या पोरानं एकट्यानं उडी मारावी, ही अपेक्षा कशी करता?

तेव्हा दोस्तहो, वस्तीवस्तीत फंड करा. १४ एप्रिलच्या वर्गणीतला चौथा हिस्सा डीजेवाल्याच्या आधी बाजूला काढा. वर्षाला एक पोरगा नाहीतर पोरगी निवडा. नर्स व्हायचंय, वकील व्हायचंय, शाळा काढायचीय, विचारा. तिच्या घरचं भाडं दोन वर्षं आपण भरायचं. हिशेब भिंतीवर लावायचा. सुरुवातीला दहा जण पुरे. आमचे नऊच होते.

जय भीम.