प्रिय फर्स्ट नेम, यांस...

खरं सांगा, तुमच्या इनबॉक्समधले शेवटचे दहा मेल्स माणसांनी लिहिलेले होते का? माझे सांगते. बँकेचं स्टेटमेंट, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, एका ऑनलाइन दुकानाचं 'वी मिस यू', तीन ऑफर्स, दोन रिमाइंडर्स. आणि 'डिअर फर्स्ट नेम' असं चक्क महिरपी कंसासकट आलेलं एका इव्हेंटचं आमंत्रण! दहापैकी एकही मेल माणसाने माझ्यासाठी टाइप केलेला नव्हता. अकरावा होता, माझ्या एडिटरचा. 'कॉपी कुठेय?'

हे ऑटोमॅटिक मेल्स आपण वाचत नाही. नजर फिरवतो, हवा तो आकडा उचलतो आणि पुढे जातो. मीही तेच करायचे. गेल्या जुलैमध्ये देवबागहून काकीचा फोन येईपर्यंत.

"गो बाय, आमच्या नावान लोकांका ता मेल कोण धाडता?"

आमची काकी देवबागला होम-स्टे चालवते. मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली, आणि त्याच्याही पुढे एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला अरबी समुद्र आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी, ती देवबाग. चार खोल्या, पुढे पडवी, मागे चूल. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला १९९७ साली, पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि हळूहळू या पट्ट्यातल्या घराघरांवर 'राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशा पाट्या लागल्या. आमच्या काकांनीही लावली. मग पाटीवर भागेना, म्हणून २०१८ मध्ये त्यांनी वेबसाइट करून घेतली. पाहुणा साइटवर बुकिंग करणार, पैसे भरणार, आणि त्याला आपोआप चार मेल्स जाणार. बुकिंग झालं, पैसे मिळाले, दोन दिवसांनी या, कसं वाटलं ते सांगा. काका भलतेच खूश. "आता आपण झोपलो तरी काम चालू!"

काका २०२१ च्या एप्रिलमध्ये गेले. पुढच्याच महिन्यात तौक्ते वादळ आलं, माड पडले, वीज गेली. त्या सगळ्यात वेबसाइट कुणाच्या डोक्यात असणार? चुलतभाऊ मस्कतला, मी मुंबईत. साइट मात्र चालू राहिली. बुकिंग आलं की काकीला एसएमएस यायचा, ती खोली झाडून ठेवायची. मेल्सचं तिला माहीतच नव्हतं.

तर त्या जुलैमध्ये पुण्याहून एक गृहस्थ आले, सोबत अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वडील. वडिलांना एकदा सिंधुदुर्ग किल्ला बघायचा होता. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला आणि १६६७ मध्ये पूर्ण झालेला, आतमध्ये शिवराजेश्वराचं देऊळ असलेला. शाळेपासून ऐकलेला, पण राहून गेलेला. मुलाने सुट्टी काढून आणलं होतं. निघायच्या दोन दिवस आधी त्यांना मेल गेला होता: येताय ना? किल्ल्याची होडी, स्कूबा डायव्हिंग, डॉल्फिन सफारी आणि रोजची ताजी मासळी तुमची वाट बघतेय!

जुलैमध्ये...

मे अखेर ते ऑगस्ट अखेर मालवणात किल्ल्याच्या होड्या बंद असतात, स्कूबा बंद असतं. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मेलला ठाऊक नव्हतं. त्याला तारीख कळत होती, पाऊस कळत नव्हता.

ते वडील मालवणच्या जेटीवर छत्री धरून अर्धा तास उभे राहिले. समोर किल्ला, मधे खवळलेलं पाणी. परत आल्यावर काही बोलले नाहीत. बोलला तो मुलगा. मोबाइलवर मेल उघडून त्याने काकीसमोर धरला, खाली काकांचं नाव होतं. "ह्यांना बोलवा जरा. सही ह्यांची आहे ना?"

काकीने भिंतीवरच्या फोटोकडे बोट केलं.

मग तोही गप्प झाला. रात्रीचं जेवण तिघांनी न बोलता केलं म्हणे. आणि दुसऱ्या दिवशी ते गेल्यावर काकीने मला फोन लावला. "तू ना गो त्या कम्युनिकेशनची डिग्री घेतलेली? मगे ह्या नीट कर."

डिग्री मास कम्युनिकेशनची, आणि घरच्याच मेल्समध्ये कम्युनिकेशनची बोंब. लाज वाटली. ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी रात्रीची कोकणकन्या पकडली, सकाळी कुडाळला उतरले. तिथून मालवण तीसेक किलोमीटर, देवबाग आणखी दहा-बारा. दुपारी पडवीत लॅपटॉप उघडून बसले. समुद्राचा आवाज एवढा, की काकीला ओरडून बोलावं लागत होतं.

पहिली अडचण, पासवर्ड. कुणालाच माहीत नाही. 'फर्गॉट पासवर्ड' दाबलं तर ओटीपी जाणार काकांच्या मोबाइलवर. मी हताश. काकी उठली, देवघराच्या फळीवरून तो जुना फोन घेऊन आली. चार्ज केलेला, रिचार्ज केलेला! "लोक ह्याच नंबरावर फोन करतत," ती म्हणाली. "बंद कसो करू?" रात्री-अपरात्री काकांच्या नंबरवर फोन येत होते आणि ती उचलत होती. ओटीपी आला. आत गेले.

तुमच्यापैकी कुणी स्वतःची साइट चालवत असाल तर आतलं दृश्य ओळखीचं असेल. प्रत्येक मेलचा एक साचा. मधे मधे महिरपी कंसात मोकळ्या जागा: पाहुण्याचं नाव, तारीख, खोली, रक्कम. सिस्टीम त्या जागा भरते आणि मेल सोडते. बाकीचा मजकूर आपण लिहायचा असतो, पण बहुतेक लोक तो बदलतच नाहीत. काकांच्या साइटवरही कंपनीने दिलेलाच इंग्रजी मजकूर होता. कुठल्याही किनाऱ्यावरच्या, कुठल्याही रिसॉर्टला चालेल असा. चेक-इन दुपारी दोन वाजता! आमच्याकडे कोकणकन्येने आलेला पाहुणा दहा वाजता दारात असतो, आणि काकीने आजवर कुणाला चहा-घावणे न देता बाहेर उभं केलेलं नाही.

मी तिला म्हटलं, तू सांग, मी लिहिते. आणि इथेच खरी गंमत सुरू झाली.

मराठीत साचा लिहिणं इंग्रजीपेक्षा अवघड आहे. 'हाय सचिन'पर्यंत ठीक. पण मराठीत नावाला प्रत्यय लागतो आणि शब्दच बदलतो. 'शिंदे'चं 'शिंद्यांना' होतं, मोकळ्या जागेत शिरलेलं 'शिंदे' मात्र तसंच राहतं. शिवाय पाहुणा 'आला' की 'आली' हे मशीनला कुठून कळणार? मी डोकं धरून बसले. काकी म्हणाली, "यांस लिही. आधी पत्रात लिहीत तसा."

यांस! नाव जसंच्या तसं ठेवायचं, प्रत्यय पुढच्या शब्दाला. आणि 'तुम्ही आलात' म्हटलं की बाई-पुरुष प्रश्नच मिटतो. आपल्या जुन्या मायन्यांनी ही अडचण कधीच सोडवून ठेवली होती. तेराव्या शतकातल्या हेमाडपंतांच्या नावावर 'मेस्तक' म्हणून पत्रलेखनाचे नियम सांगितले जातात. थोरल्यांना कसं लिहायचं, बरोबरीच्यांना कसं, धाकट्यांना कसं. 'सा. न. वि. वि.'पासून 'कळावे, लोभ असावा'पर्यंत सगळा साचाच तर होता. तारखात्यात शुभेच्छांना नंबर होते; दिवाळीचा एक, लग्नाचा दुसरा. नंबर सांगितला की ठरलेलं वाक्य पोचायचं. ती तारही जुलै २०१३ मध्ये बंद झाली. म्हणजे साचा काही कॉम्प्युटरने आणलेला नाही. फरक एवढाच, की साच्यातलं पत्र पाठवणारा माणूस ते पाठवताना एकदा खिडकीबाहेर बघायचा. पाऊस आहे की नाही, हे त्याला दिसायचं.

मग आम्ही मेल्सना खिडकी करून दिली. सोपं होतं. 'दोन दिवसांनी या'चे दोन साचे केले, एक सुक्या दिवसांचा, एक पावसाचा. पावसाच्या मेलमध्ये पहिलंच वाक्य: सध्या किल्ल्याची होडी बंद आहे, फक्त किल्ल्यासाठी येत असाल तर आधी फोन करा, तारीख बदलून देऊ. ताजी मासळी काढली; त्या जागी कोंबडी-वडे, सोलकढी आणि खारवलेल्या बांगड्याचा प्रामाणिक उल्लेख आला. चेक-इनची वेळ काढून लिहिलं, सकाळच्या गाडीने येत असाल तर कळवा, चहा तयार असेल. नाव रिकामं राहिलं तर 'प्रिय स्वल्पविराम' जाऊ नये म्हणून तिथे नुसतं 'नमस्कार'. खाली तोच मजकूर इंग्रजीत, कारण पाहुणे बेळगावहून येतात तसे बेंगळुरूहूनही येतात. 'कृपया या मेलला उत्तर देऊ नका' हे वाक्य तर काकीने वाचून दाखवताच उडवायला लावलं. "दारात पाट घालूचो आणि बसू नका म्हणूचा?"

एका गोष्टीपुढे मात्र आम्ही दोघीही हरलो. आंगणेवाडीच्या भराडीदेवीची जत्रा. पाहुणे महिनोन् महिने आधी तारीख विचारतात, आणि ती देवीचा कौल मिळाल्यावरच ठरते. ही जागा कुठली सिस्टीम भरणार? मेलमध्ये लिहिलं: तारीख ठरली की आम्ही स्वतः कळवू.

शेवटी जुना मेल कसा दिसतो ते बघायला मी तो स्वतःला पाठवला. इंग्रजी मजकूर, काकांचं नाव, नंबर, आणि त्यांच्या मधे एक ओळभर प्रश्नचिन्हं. नुसती प्रश्नचिन्हं. मी आत जाऊन साचा उघडला. तिथे, सगळ्या इंग्रजी मजकुराखाली, काकांनी स्वतः टाइप केलेलं एकच मराठी वाक्य होतं:

'काही अडचण आली तर रात्रीसुद्धा फोन करा. मी जागा असतो.'

मेलची सेटिंग्ज यूटीएफ-८ वर नव्हती, त्यामुळे देवनागरी अक्षर बाहेर पडताना प्रश्नचिन्ह होत होतं. म्हणजे २०१८ पासून गेलेल्या प्रत्येक मेलमध्ये माणसाने लिहिलेलं जे एकमेव वाक्य होतं, तेच कुणाला वाचता आलं नव्हतं. बाकी सगळं व्यवस्थित पोचत होतं!

मी लॅपटॉप काकीकडे वळवला. तिने चष्मा लावून वाचलं. परत वाचलं. "खराच जागे रवत होते," एवढंच म्हणाली, आणि चुलीकडे गेली.

सेटिंग बदलायला एक मिनिट लागलं. प्रश्न सहीचा होता. काकांचं नाव काढायचं कसं? ठेवायचं तरी कसं? पुण्याच्या त्या गृहस्थांसारखं पुन्हा कुणी 'ह्यांना बोलवा' म्हटलं तर? मी काहीच सुचवलं नाही. रात्री जेवताना काकीच म्हणाली, "माझा नाव घाल. ता वाक्य रवांदे. फक्त नीट कर."

नीट म्हणजे काय, ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दोन शब्द बदलले.

रविवारी निघण्यापूर्वी आणखी एक मेल लिहिला, पुण्याला. हा साच्यातला नव्हता. काकीने सांगितला, मी टाइप केला. चूक आमची होती, होड्या सुरू झाल्या की बाबांना घेऊन या, खोलीचे पैसे घेणार नाही. आठ दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. 'बाबा नोव्हेंबर म्हणतात. काकींना नमस्कार.'

मुंबईत परतल्यावर मी पहिलं काम काय केलं असेल? माझा स्वतःचा 'आऊट ऑफ ऑफिस' उघडून बघितला. दोन वर्षांपूर्वी सोडलेल्या नोकरीतल्या डेस्कचा एक्स्टेन्शन नंबर त्यात अजून होता. तुमच्याही नावाने कुठे तरी काही तरी आपोआप जात असेलच. एकदा स्वतःला पाठवून वाचा.

तुम्ही देवबागला जाणार असाल आणि काकीकडे बुकिंग केलंत, तर मेलच्या तळाशी बघा. आता तिथे प्रश्नचिन्हं नाहीत. 'काही अडचण आली तर रात्रीसुद्धा फोन करा. मी जागी असते.'