समर्थांचा तपास, हातात पेन्सिल घेऊन

नारायण धारप यांची एक समर्थकथा गेल्या पावसाळ्यात भिलाईच्या निवासस्थानी तिसऱ्यांदा वाचून काढली. पहिल्यांदा वाचली तेव्हा मी शाळेत होतो. पुस्तके भाड्याने देणाऱ्या वाचनालयाची ती प्रत इतक्या हातांतून गेली होती, की शेवटची दोन पाने शिवणीतून सुटली होती. तेव्हा अंगावर काटा आला होता. या खेपेस मात्र वाचताना हातात पेन्सिल होती. फायली वाचून जडलेली ही खोड, तिचा दोष धारपांना देता येणार नाही.

धारप (१९२५–२००८) महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या तरुण वाचकांना कदाचित परिचित नसतील. भयकथा, विज्ञानकथा आणि रहस्यकथा त्यांनी विपुल लिहिल्या. त्यांचे ‘समर्थ’ हे पोलीस नव्हेत आणि खासगी गुप्तहेरही नव्हेत, परंतु कथेची बांधणी हेरकथेचीच. एखाद्या साध्या मध्यमवर्गीय घरावर अनाकलनीय संकट येते, कोणीतरी समर्थांचे नाव सुचवते, समर्थ येतात, सोबत बहुधा अप्पा जोशी असतात, संकटाचे मूळ सापडते आणि ते उखडले जाते. होम्स आणि वॉटसन यांचे नाते आपल्या बैठकीच्या खोलीत आणून बसवावे, तसे हे आहे. महानगरात वावरणारा जादूगार-गुप्तहेर हा प्रकार इंग्रजीत आता चांगलाच रुळला आहे. जिम बुचर यांच्या शिकागोवासी हॅरी ड्रेसडेनची पहिली कादंबरी २००० साली आली. आपल्याकडे धारपांनी हे काम त्याच्या कितीतरी आधी, फारसा गाजावाजा न होता, करून ठेवले होते.

जे टिकले ते आधी सांगतो. भीती हळूहळू चढवत नेण्याचे धारपांचे कसब आजही तसेच परिणाम करते. रोजचे घर, दिवेलागणीची वेळ, नेहमीची माणसे, आणि त्यात कुठेतरी एक गोष्ट किंचित चुकलेली. भिलाईच्या सेक्टरांमध्ये, एका साच्यातून काढल्यासारख्या दिसणाऱ्या क्वार्टरांत राहून हे वाचताना एक गंमत जाणवते. या पोलाद नगरीत पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. सारे काही आखून, क्रमांक घालून वसवलेले. इथे ना माळा, ना तळघर, ना पडका वाडा. भुताने राहायचे म्हटले तर आधी निवासवाटपाचा अर्ज भरावा लागेल!

पेन्सिलीच्या खुणा सुरू झाल्या त्या तपासाच्या भागापासून. समासात मी एकच शब्द पुनःपुन्हा लिहिलेला आढळला: ‘कशावरून?’ समर्थ खोलीत येतात आणि त्यांना कळते. रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली हेरकथेचे दहा नियम सांगितले, त्यांत अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव होता. याचे कारण धार्मिक नसावे, कारण नॉक्स स्वतः धर्मगुरू होते. वाचकाला तपासून पाहता येईल असा दुवा त्याच्या हाती असावा, एवढीच ती अट. अर्थशास्त्रात डार्बी आणि कार्नी यांनी १९७३ साली अशा सेवांचा विचार मांडला, ज्यांची गरज होती की नाही, हे पैसे मोजून झाल्यावरही ग्राहकाला नीट ठरवता येत नाही. मोटार दुरुस्त करणारा सांगतो आणि आपण ऐकतो. समर्थांची सेवा या जातीची आहे. समर्थ खरे आहेत याची हमी फक्त लेखक देतो, आणि कादंबरीत ती पुरते.

कादंबरीबाहेर मात्र पुरत नाही, आणि छत्तीसगडमध्ये बसून हे विसरता येत नाही. आपण आषाढी अवसेला दिवे घासूनपुसून पूजतो, त्याच दिवशी इथे हरेली असते. दारांवर कडुनिंबाच्या डहाळ्या खोचतात. लोहार येऊन चौकटीत खिळा ठोकून जातो. सण शेतीचा आणि अवजारांचा आहे, पण त्या रात्री ‘टोनही’ बाहेर पडते अशीही समजूत आहे. टोनही म्हणजे चेटकीण, आणि तसे ठरवली जाते ती बहुधा गावातली एखादी एकटी, वयस्क बाई. अशा बायकांना झालेल्या मारहाणीमुळेच २००५ साली छत्तीसगड टोनही प्रताडना निवारण अधिनियम करावा लागला. या कायद्यात छळाला शिक्षा आहेच. परंतु त्याआधीचे कलम मला अधिक महत्त्वाचे वाटते. एखाद्या व्यक्तीला टोनही म्हणून नुसते ‘ओळखणे’ हाच तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा. म्हणजे हेरकथेतला उलगड्याचा क्षण, बोट दाखवण्याचा तो क्षण, इथे स्वतःच अपराध ठरतो.

धारपांवर अन्याय नको. त्यांच्या समर्थांची झुंज अमानवी शक्तींशी असते, शेजारच्या म्हातारीशी नव्हे. तरीही ‘ज्याला कळते त्याला कळते’ हा त्या कथांचा पाया मला आता सहज गिळवत नाही. त्याला एक खासगी कारणही आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका शहरात, १९६५ च्या केंद्रीय सेवा नियमांखाली चाललेल्या एका विभागीय चौकशीत मी चौकशी अधिकारी होतो. भांडारातील साठा आणि नोंदवही यांत तफावत; आरोप एका लिपिकावर. पहिल्याच दिवशी तो समोर बसला, नजर मिळवेना, रुमालाने सारखी मान पुसत होता. मला ‘कळले’. कागद उघडण्याआधी कळले. पुढच्या दोन सुनावण्यांत मी विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या कळण्याच्या दिशेने झुकलेला होता, हे आज कबूल करतो. तिसऱ्या सुनावणीला त्याच्या बचाव साहाय्यकाने रजेचा मंजूर अर्ज पुढे ठेवला. ज्या आठवड्यात माल कमी झाला, त्या आठवड्यात हा गृहस्थ गावी होता आणि किल्ल्या रीतसर सही घेऊन दुसऱ्याकडे सोपवलेल्या होत्या. तो अर्ज पहिल्या दिवसापासून फायलीतच होता.

मी त्याच्याशी त्याबद्दल काही बोललो नाही. अहवालाच्या शेवटी फक्त चार शब्द लिहिले: आरोप सिद्ध होत नाहीत.